‘राजवाडानो माल’ आणि आमचं टेनामेंट

2024 च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा भागात शिरलं आणि आमच्या टेनामेंटमधल्या (इकडे सोसायटीतल्या छोट्या स्वतंत्र घराला असं म्हणतात) फर्निचरची आपसूक वाटणी झाली. पाणी गुडघ्याच्या थोडं खालीच होतं, पण लवकर हललं नाही. ओसरल्यावर पाहतो तर मॉड्युलर वॉर्डरोबचा पार्टिकल बोर्ड चहात पडलेल्या मारी बिस्किटासारखा फुगलेला, टीव्ही युनिटच्या एमडीएफच्या कडा उललेल्या, बॉक्सच्या पलंगाचा तळ सुटून खाली आलेला. सोफ्याच्या फोमचा वास दिवाळीपर्यंत नाकात होता. सोसायटीच्या नाक्यावर घरोघरचे बेड आणि कपाटं येऊन पडत होती आणि लोक पुरात येणाऱ्या मगरींच्या गप्पा मारत ती ओढत आणत होते.

सासूबाईंचं सागवानी कपाट मात्र जागच्या जागी उभं होतं. दांडिया बाजारातल्या सासरच्या वाड्यातून आलेलं, सात फुटी. पायांवर चिखलाची रेघ, खालचा खण गच्च अडकलेला आणि मागची एक फळी सैल, एवढंच. सागवान पाण्याला दाद देत नाही हे ऐकून माहीत होतं. खरी गंमत कळली ती मिस्त्री आल्यावर.

मिस्त्री डभोईकडचे, वय साठीच्या पुढचं. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, माथ्यावरची नक्षीची पट्टी दोन्ही हातांनी वर उचलली आणि सरळ काढून जमिनीवर ठेवली. इतकी वर्षं ती नुसती बसवलेली होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग लाकडी हातोडीने कोपऱ्यातल्या पाचरी हलकेच उलट्या ठोकल्या. पाचरी निघाल्या तशा बाजू सुटल्या, आणि तासाभरात अख्खं कपाट फळ्याफळ्यांनी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं राहिलं. जिथे कूस, म्हणजे फळीची पुढे काढलेली जीभ, खाचेत बसते तिथे पटाशीने मारलेल्या रेघा होत्या. एका कोपऱ्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार, आणि समोरच्या खांबावरही तशाच. पुन्हा जोडताना चुकू नये म्हणून त्या कुणा अनाम सुताराने करून ठेवलेल्या. “बेन, आ तो खोली शकाय एवुं छे,” म्हणजे हे उघडता येतं, मिस्त्री म्हणाले. जणू बाकी जगात आता तसं काही उरलंच नाही.

सैल झालेल्या फळीचं कारणही त्यांनीच दाखवलं. जुन्या कामात जोड सरसाने चिकटवलेली असते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो ओलाव्याने सुटतो. सुटला की जोड उघडते, साफ करून नव्याने सरस लावला की पुन्हा बसते. नवीन बोर्डाचं तसं नाही. तिथे लाकडाचा भुसाच रेझिनने दाबून धरलेला असतो. तो फुगला की त्यात स्क्रूसुद्धा धरत नाही, दुरुस्ती करणार कशाची? फळ्या आम्ही सावलीत, खाली काठ्या ठेवून, आरामात वाळू दिल्या. उन्हात टाकायचा आग्रह शेजारच्यांनी खूप केला, पण एका बाजूने भराभर वाळलेली फळी वाकते नाहीतर चिरते. दिवाळी उलटून गेल्यावर कपाट पुन्हा उभं राहिलं. खण आता बोटाने सरकतो.

त्या कपाटाने माझं मन ठरवलं. रिकामं घर भरायचं होतंच. वस्तू शंभर वर्षांची असो की कालची, ती उघडता येते का आणि उघडून पुन्हा जोडता येते का, हे आधी बघायचं. रंग, नक्षी, भाव, सगळं त्यानंतर.

घरात हे कुणाला पटलं असं नाही. नवऱ्याचं म्हणणं एकच, एका दुकानात जाऊ, एका दिवसात सगळं घेऊ. मुलीने फोनवर कार्ट भरून ठेवली होती. आणि मी ज्यांच्या भरवशावर होते त्या सासूबाईंनीच मला तोंडघशी पाडलं. “अगं, मला तो पाय वर होणारा सोफा मिळतो ना, तो आण. जन्मभर मी त्या नक्षीतली धूळ काढली. एकेका पाकळीत बोट घालून. आता तुला हौस आहे ना, तू पूस.” पंच्याऐंशी वर्षांच्या बाईशी यावर काय वाद घालणार? रिक्लायनर आला. नवाकोरा, मोटरवाला. घरातली सगळ्यात जास्त वापरात असलेली वस्तू आजही तीच आहे.

वाडा तोवर बिल्डरकडे जायचा होताच. भाऊजींनी वाटणीत फ्लॅट घेतला आणि सामानाबद्दल एका वाक्यात निकाल दिला, “वहिनी, तुम्हाला हवं ते न्या, उरलेलं मी भंगारवाल्याला सांगतो.” मी टेप घेऊन गेले. वाड्याच्या खोल्यांत जे नेटकं दिसतं ते टेनामेंटच्या दहा बाय बाराच्या खोलीत कसं धावून येतं, हे आकडे लिहिल्याशिवाय कळत नाही. रुंदी आणि उंची सगळेच मोजतात. मी आमच्या दाराची चौकट, जिन्याचं वळण आणि पंख्याच्या पात्याची उंचीही मोजून नेली होती. मच्छरदाणीचे खांब असलेला पलंग पंख्यामुळेच बाद झाला. दुसरा साधा पलंग होता, पण जुने पलंग लांबीला बेताचे. माझ्या लेकाचे पाय बाहेर येत होते. तो आता पुढच्या खोलीत दिवाण झाला आहे, गादी पिंजाऱ्याकडून मापाने करून घेतली, वर लोड. गादी, उशा, सोफ्याचं भरण या गोष्टी जुन्या कधीही घेऊ नयेत, या बाबतीत मी आणि नवरा एकमत आहोत.

आरामखुर्चीचा मोह सुटत नव्हता. लांब हातांची, वेताची, सासऱ्यांची. त्यांनी तिच्यात बसून वर्तमानपत्र वाचलेलं मी पाहिलेलं. टेप लावला तर बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. नेहमीच्या खुर्चीची सतरा-अठरा असते. बसायला स्वर्ग, उठताना गुडघे जाब विचारतात. जुनी खुर्ची घ्यायची तर दुकानात नुसतं टेकून चालत नाही. दहा मिनिटं बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठून पाहायचं. मी ती आणलीच, पण माझ्यासाठी. पाहुण्यांना मी तिच्यात बसवत नाही.

तिचा वेत फाटला होता. वेत विणणारे बडोद्यात अजून आहेत, शोधावे लागतात. भोकाभोकातून उभे, आडवे आणि दोन्ही तिरपे असे सहा पदर ओवून ती अष्टकोनी जाळी होते. आता बरेच जण प्लास्टिकची पट्टी ओवतात. तीही टिकते, पण उन्हाळ्यात पाठीला घाम धरते. कारागीर वेत आदल्या रात्रीच भिजत घालायचा आणि ओलाच ओवायचा. वाळला की जाळी आपोआप ताणून बसते. खुर्ची फुकट पडली होती, विणकामाचे पैसे नव्या खुर्चीएवढे झाले. नवऱ्याने हे अजून सोडलेलं नाही.

उरलेल्यासाठी जुन्या सामानाच्या दुकानांत फिरले. तिथे पहिलं वाक्य ठरलेलं: “बेन, आ तो राजवाडानो माल छे.” लक्ष्मी विलास पॅलेस 1890 मध्ये पुरा झाला. तेव्हापासून तिथून बाहेर पडल्याचं मला सांगितलं गेलेलं सगळं फर्निचर खरं धरलं तर सयाजीराव महाराजांना बसायला चटईसुद्धा उरली नसती. मला त्या वाक्याचा राग मात्र येत नाही. त्याच 1890 साली महाराजांनी बडोद्यात कला भवन काढलं, जिथे पुढे दादासाहेब फाळके शिकले. तिथे सुतारकामही शिकवत. या शहरात चांगलं लाकूडकाम करून घ्यायला राजा असावं लागत नव्हतं. वकील, मास्तर, दिवाणी कचेरीतले कारकून यांच्याही घरी ते होतं, आणि आज बाजारात येतं ते बहुतेक त्यांच्या नातवंडांनी वाडे विकले म्हणून.

‘ॲन्टिक’ हा तर आता रंग झाला आहे. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्यात कारागिरीच्या वस्तूला शंभर वर्षांची अट आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. दुकानातल्या बहुतेक वस्तू या अटीत बसतच नाहीत. काही पन्नास-सत्तर वर्षांच्या असतात, ज्यांना विंटेज म्हणणं प्रामाणिक ठरेल. आणि बऱ्याचशा जोधपूरहून नव्याने करून आणलेल्या असतात. आंब्याचं किंवा शिसमचं लाकूड, त्यावर गडद पॉलिश, कडा मुद्दाम घासलेल्या. तसं घ्यायला हरकत काहीच नाही, भाव मात्र नव्याचा द्यावा.

मी बघायचे ते खाली वाकून, मागे जाऊन. वस्तूची पाठ खोटं बोलत नाही. मागे प्लायवुड दिसलं की ते कपाट सहसा एकोणिसाव्या शतकातलं नसतं, फार तर पाठ बदललेली असेल. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो फिलिप्स स्क्रू. तो 1930 च्या दशकात आला. ‘दीडशे वर्षां’च्या खुर्चीच्या प्रत्येक सांध्यात तोच चकचकताना पाहून मी दुकानदाराला फक्त टॉर्च दाखवला. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले जोडाचे दात बघायचे. हाताने कापलेले दात सारखे नसतात, मशीनचे अगदी एकसारखे असतात. खणाच्या तळाच्या कडा घासून खोलगट झाल्या असतील तर तो खरोखर वापरलेला. झीज हाताला लागते तिथेच असायला हवी. खुर्चीचा हात गुळगुळीत आणि पाठीमागची पट्टीही तितकीच गुळगुळीत, असं असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर मारून म्हातारपण आणलं आहे.

वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या गोल बैठकीच्या खुर्च्या तुम्ही जुन्या हॉटेलांत पाहिल्या असतील. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 मध्ये काढलेलं ते रूप, सुटे भाग आणि मोजके स्क्रू. मला एक जोडी मिळाली. बैठकीच्या आतल्या कडेला फाटकं लेबल होतं, त्यावर चेकोस्लोव्हाकिया वाचता येत होतं. हा देश 1918 मध्ये जन्माला आला, त्यामुळे दुकानदाराची ‘सवासो वरस’, म्हणजे सव्वाशे वर्षं, जागच्या जागी शंभरच्या आसपास आली आणि भावही थोडा खाली आला. “बेन, तमे तो सुथारनी दीकरी लागो छो,” तो म्हणाला. सुताराची लेक म्हटल्याचा तो मान मी ठेवून घेतला. गंमत अशी की हे सुटं करून पाठवायचं जुनं फर्निचर, आणि स्क्रू पिळून ते आजही घट्ट होतं.

मला सर्वांत आवडलेली वस्तू मात्र ॲन्टिक नाही. चाळीस-पन्नासच्या दशकातलं ड्रेसिंग टेबल. कोपरे गोल, सागवानाच्या अंगावर शिसवी पट्टी, मध्ये मोठा गोल आरसा. त्या काळी मुंबईच्या चौपाटीवरच्या इमारतींना जी वळणं होती तीच इथे खणांच्या मुठींना. कुणीतरी त्यावर हिरवा ऑइल पेंट फासला होता, म्हणून स्वस्त मिळालं. रंग काढायला कॉस्टिक सोडा लावा असं दोघांनी सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून कानाला हात लावला. त्याने साग काळा पडतो, आणि सरस असेल तिथे तोही सुटतो. त्यांनी काचेचा फुटका तुकडा घेतला, एक कड हाताला लागू नये म्हणून कापडाने गुंडाळली आणि दुसऱ्या कडेने रेषेच्या दिशेने खरवडायला बसले. हिरव्याखाली चॉकलेटी निघाला, चॉकलेटीखाली फिकट क्रीम आणि त्याखाली मधाच्या रंगाचं जुनं पॉलिश. तिथे ते थांबले. मागच्या बाजूला कापसाने स्पिरिटचा थेंब लावून पाहिला, चिकट झालं. म्हणजे चपडा लाखेचं पॉलिश. मग खरवडणं बंद, फक्त स्पिरिटमध्ये नवा चपडा विरघळवून फडक्याच्या गोळ्याने हात फिरवणं सुरू. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारलं असतं तर चकाकी जास्त आली असती आणि पाण्याचे डागही पडले नसते, हे मान्य. पण पीयूवर ओरखडा उठला की सगळा थर काढावा लागतो, चपड्याला वरून पुन्हा हात देता येतो. गरम कप मात्र त्यावर ठेवायचा नाही. ठेवला की पांढरं वर्तुळ.

आरशावर काळे ठिपके आहेत. बदलायचा विचार मी केला नाही.

भुंग्याबद्दल एक सांगते. जुन्या लाकडाला बारीक भोकं असतात, त्याने घाबरून जाऊ नये. बघायचं ते त्यातून पडणारं पीठ. फिकट, ताजं पीठ खाली साचत असेल तर आत कीड जिवंत आहे. ती बहुतेक फिक्या रंगाच्या बाहेरच्या लाकडात असते, सागवानाच्या आतल्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. संशयाची वस्तू घरात आणण्याआधी मी व्हरांड्यात काळ्या कागदावर ठेवायचे. काळ्यावर पीठ लगेच दिसतं. एक स्टूल त्या परीक्षेत नापास झालं, ते परत गेलं.

संखेड्याला गेल्याशिवाय बडोद्यात फर्निचरचा विषय पुरा होत नाही. डभोईच्या पुढे, ओरसंग नदीच्या काठी. तिथे खरादावर सागवान फिरतं आणि त्यावर लाखेचं काम होतं. कलईचं चूर्ण सरसात कालवून त्याने नक्षी रंगवतात, ती चांदीसारखी दिसते, अकिकाच्या दगडाने घोटतात. वर लाख चढली की तीच नक्षी सोनेरी होते. हे मी डोळ्यांसमोर होताना पाहिलं. राखी वेल होता, कारागिराने गरम लाख फिरवली, केवड्याच्या पानाने घासलं, आणि वेल पिवळाधमक. बघत राहावं असं. पण अख्खा सोफासेट मरून आणि सोन्यात? आमच्या खोलीत रोज लग्न असल्यासारखं वाटलं असतं. दोन बुटक्या खुर्च्या घेतल्या. त्यांचेही पाय, पाठ सुटे होतात, कागदात बांधून गाडीच्या डिकीत आल्या.

आता नवीन. कपडे, भांडी, फायली ठेवायला मी जुन्याच्या वाटेला गेले नाही. जुन्या कपाटात हँगर आडवे बसत नाहीत, खोली कमी असते, आणि स्वयंपाकघरात कोरीव काम म्हणजे तेलाचा थर. ओटा आणि वॉर्डरोब प्लायवुडमध्येच करून घेतले, पण या खेपेला प्लायवर भारतीय मानकाचा, म्हणजे आयएसचा, शिक्का बघून. स्वयंपाकघरासाठी आयएस 710, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारं, बोलीभाषेत मरीन. आयएस 303 मधला एमआर, म्हणजे थोडा दमटपणा सोसणारा माल, हा कोरड्या जागेचा. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो तेव्हा नंबर विचारायचा. सगळ्या कपाटांना खाली सहा इंचांचे स्टीलचे पाय लावले, पुढची पट्टी नुसती क्लिपने अडकवलेली, पाण्याची बातमी आली की ओढून काढता येते. महत्त्वाचे कागद वाड्यातल्याच गोदरेजच्या लोखंडी कपाटात, तेही आता चार विटांच्या चौथऱ्यावर. शेजारी हसले, मग त्यांनीही विटा मागवल्या.

झोपाळ्याच्या पितळी सळ्या आणल्या आहेत, त्यांच्यावर मोर आणि हत्ती आहेत. पण वाड्यात त्या जाड तुळईला टांगलेल्या होत्या, इथे आरसीसीचा स्लॅब. हुक स्लॅबला नको, बीमलाच घ्या, असं इंजिनियरने सांगितलं, आणि बीम नेमका दाराच्या वर आहे. तेव्हा तो विषय तूर्त बाजूला.

जेवणाच्या टेबलाचंही अडलेलंच आहे. वाड्यातलं आठ माणसांचं दारातून येत नाही. पाय काढले तरी वरची फळी जिन्याच्या वळणाला अडते, टेप लावून दोनदा पाहिलं. नवीन काचेचं मला नको, नवऱ्याला संगमरवरी नको, मुलगी म्हणते टेबल हवंच कशाला. सासूबाई रिक्लायनरमध्ये ताट मागवतात. आम्ही बाकीचे सध्या लोखंडी फोल्डिंग टेबलावर जेवतो, लग्नाच्या मंडपातलं असतं तसलं, आणि जेवण झालं की ते मिटून भिंतीला लावतो.